दोऱ्याचं दुकान पुन्हा मांडायचं तर

भरतकाम-विणकामाच्या सामानाचं छोटं दुकान असलेल्या ओळखीपाळखीच्या बायका भेटल्या की एकच विचारतात: "धंदा करोनाआधीसारखा कधी होणार गं?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. तसा तो होणार नाही. महाराष्ट्रातले निर्बंध १ एप्रिल २०२२ ला उठले, दुसऱ्या दिवशी पाडवा होता, ठाण्यात शोभायात्रा पुन्हा निघाली, आणि आम्ही सगळे समजलो की आता गिऱ्हाईकही ढोलताशासकट परत येणार. गिऱ्हाईक आलं, पण वेगळं आलं. म्हणून दुकानही वेगळं मांडावं लागतं. कसं, ते सांगते.

आमचं दुकान नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत. सासूबाईंनी सुरू केलेलं. दोन बायका आत आल्या की तिसरी पायरीवर उभी. त्यामुळे मी सांगतेय ते एवढ्याशा जागेचं शास्त्र आहे. मोठ्या शोरूमवाल्यांनी स्वतःचं बघावं.

आधी कपाटं रिकामी करा

२०२० चा पावसाळा आठवा. जूनमध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, समोरची उद्या, असा नियम होता; जुलैत ठाणं पुन्हा बंद झालं. ठाण्याची दमट हवा आणि बंद शटर, त्यात मालाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तरी त्या वेळचा माल अजून कित्येकींच्या वरच्या खणात पडून आहे. "चांगला आहे की, पॅकबंद आहे." पॅकबंद म्हणजे चांगला नव्हे. तपासा.

दोऱ्याची लडी उघडून आतली घडी आणि बाहेरची बाजू शेजारी धरा. बाहेरून उडालेला रंग तेव्हाच दिसतो. मग हातभर दोरा दोन्ही मुठींत धरून झटका द्या. चांगला सुती दोरा बोटाला कापेल पण सहज तुटणार नाही. लाल, राणी आणि गर्द निळ्यासाठी आणखी एक: ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग पडला तर तो दोरा पांढऱ्या टेबलक्लॉथसाठी देऊ नका, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

इलॅस्टिक म्हणजे मास्कच्या दिवसांची आठवण. तेव्हा मिळेना म्हणून पुढे जो तो भरून बसला. दुप्पट ताणून कानाशी धरा. करकर वाजलं किंवा सोडल्यावर पूर्ण आखडलं नाही, तर टाका. ते एखाद्या परकराला लावून दिलंत, की महिनाभरात बाई परत येते, आणि ती इलॅस्टिकच्या कंपनीला नाही, तुम्हाला बोलते. हुक आणि टिचबटणं पांढऱ्या कागदावर पसरून नखाने खरवडा. गंज निघाला तर सरळ भंगारात. गंजक्या हुकाचा डाग पहिल्या धुण्यात ब्लाऊजवर उमटतो आणि मग निघत नाही. सुयांचंही तेच. मी आता सुया घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. जरीचा दोरा वेगळा, मऊ सुती कापडात गुंडाळून, आणि त्याच्या आसपास डांबरगोळी अजिबात नको.

रंग उडालेल्या लड्यांचा सेल लावू नका. लोक सेलमधला माल विसरतात, दुकानाचं नाव विसरत नाहीत. त्या लड्या शिकवणीत सरावाला वापरा.

सगळं ठेवण्याचा हट्ट सोडा

आमच्या सासूबाईंचा दंडक होता की गिऱ्हाईक 'नाही' ऐकून पायरी उतरता कामा नये. तेव्हा ते चालायचं. आता घोडबंदर रोडच्या उंच इमारतीतली मुलगी रात्री अकरा वाजता फोनवर शंभर छटांच्या दोऱ्यांचा डबा मागवते आणि दोन दिवसांत तो दारात. त्या डब्याशी संख्येत स्पर्धा करायला आपल्याकडे ना जागा, ना भांडवल. पण त्या डब्यातली एखादी लडी काम अर्ध्यावर असताना संपते, तिला तेवढी एकच छटा हवी असते, आणि ती एक मिळवायला पुन्हा अख्खा डबा घ्यावा लागतो. ही एक लडी आपला धंदा आहे.

तेव्हा पांढरा, काळा, दोन-तीन लाल, पानाचे हिरवे आणि कुंकवाच्या आसपासचे रंग भरपूर ठेवा. बाकीच्यांचं शेड कार्ड ठेवा आणि वार सांगा. "गुरुवारी मिळेल" म्हणालात तर गुरुवारी मिळालं पाहिजे. त्यासाठी मी ठरल्या वारी सकाळची लोकल धरून मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरते, अब्दुल रहमान स्ट्रीट, मग भुलेश्वर हे घाऊक बाजार करते, आणि जेवायच्या वेळेला परत. पूर्वी महिन्यातून एकदा जाऊन पोती आणायचो. आता थोडं आणि वारंवार. पैसा मालात अडकत नाही आणि दुकानात हलायला जागा राहते.

दोऱ्याच्या दोन कंपन्यांचे रंगाचे नंबर जुळवणारा तक्ता भिंतीवर लावाच. अँकरचा काळा ४०३, डीएमसीचा काळा ३१०. परदेशी नमुने बहुतेक डीएमसीच्या नंबरात असतात आणि आपल्याकडे जास्त खपतो अँकर, त्यामुळे रोज कुणीतरी गोंधळून येतं. तक्त्यावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. तो 'जवळचा' रंग सांगतो, 'तोच' नाही.

छटा जुळवायची ती दाराशी, उजेडात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन मरून उन्हात गेले की एक विटेसारखा आणि एक जांभळट निघू शकतो. म्हणून आमच्या पायरीवर स्टूल कायमचं आहे. कुणी फोटो पाठवून "ताई, हा रंग आहे का?" विचारलं तर मी हो म्हणत नाही. प्रत्येक फोनवर रंग निराळा दिसतो. वीतभर दोरा आणून दाखवा, नाहीतर नंबर सांगा.

कापडही मीटरने विकायचा आग्रह नको. टाळेबंदीत फुली टाका शिकलेल्या मुलींना नमुन्यात किती टाके आहेत ते माहीत असतं, कापड किती लागेल ते नसतं. हिशेब त्यांच्यासमोर करा. समजा नमुना ८४ टाके रुंद आणि ११२ टाके उंच आहे, कापड १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ टाके. तर ६ इंच बाय ८ इंच. फ्रेमसाठी चारही बाजूंनी ३ इंच सोडा: १२ बाय १४. एवढाच तुकडा कापून द्या, सोबत २४ नंबरची बोथट टोकाची सुई. सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते हेही सांगा. उलट समजणारे पुष्कळ. मीटरभर कापडापेक्षा पैसे कमी आले, पण पुढचा तुकडा घ्यायला ती इथेच येते.

अर्धवट कामांचा बुधवार

माझ्या मते आजच्या घडीला छोट्या दुकानाचं खरं काम हे आहे.

२०२० मध्ये घरोघरी क्रोशाच्या सुया निघाल्या. व्हिडिओ बघून साखळी झाली, खांब झाले, मुका खांब आला तिथे अडलं; मग ऑफिसं उघडली, लोकलचे पास सुरू झाले आणि विणकाम पिशवीत गेलं. त्या पिशव्या फेकलेल्या नाहीत. त्या अपराधी वाटून पलंगाच्या बॉक्समध्ये आहेत. तुम्ही फक्त दारावर पाटी लावा: 'अर्धवट राहिलेलं काम घेऊन या. बुधवारी दुपारी दोन ते पाच.' वेळेचं म्हणाल तर मुद्दाम दुपारची. ठाण्यातली जुनी दुकानं दुपारी एक ते चार शटर ओढून झोपतात. पण घरून काम करणाऱ्या बायका-पोरी त्याच वेळेला जेवण उरकून खाली उतरतात. मी दुपारची झोप सोडली. एवढं एकच दुःख.

बुधवारी आलेलं काम तीन जातींचं असतं. अडलेलं, कंटाळलेलं आणि मागे राहिलेलं.

अडलेलं सोपं. चूक दाखवा, चार ओळी उसवून तिच्याच हातून करून घ्या, पैसे अर्ध्या तासाचे. कंटाळलेल्या कामाला लहान करा. सहा फुटांचा टेबलरनर कुणी पुरा करत नाही. आहे तिथे कड घालून त्याची देवघराची आसनपट्टी होते. हे सुचवायला लाज वाटू देऊ नका, बाई सुटकेचा निःश्वास टाकते.

तिसरं काम जपून. आई गेली, आत्या गेली, आणि तिच्या पिशवीत सुई खोचलेली चादर किंवा अर्धा स्वेटर सापडला. करोनाच्या त्या दोन वर्षांनी अशी कामं फार मागे ठेवली. ती घेताना मी काही नियम पाळते. सुई जिथे आहे तिथला फोटो आधी काढायचा. त्या हाताचे टाके उसवायचे नाहीत, चुकलेले असले तरी. लोकर असेल तर त्याच लॉटची, म्हणजे त्याच खेपेला रंगवलेली, मिळणार नाही हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं. लॉट बदलला की नंबर तोच असूनही पट्टा दिसतो. तो लपवण्यापेक्षा दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या अशा आलटून पालटून आठ-दहा ओळी जाऊ द्या, रंग हळूच सरकतो. भरतकामात तेवढी सोय नसते. तिथे पूर्ण फूल जुन्या दोऱ्यात संपवायचं आणि नवा दोरा पुढच्या फुलापासून सुरू करायचा, अर्ध्या पाकळीत कधीच नाही. हाताचा ताणही वेगळा असतो. नमुना म्हणून दुसऱ्या कापडावर दोन-चार टाके घालून आपला हात त्या हातासारखा सैल किंवा घट्ट करून घ्या.

साड्यांची नाहीतर शर्टांची गोधडी करायला आणतात तेव्हा कात्री लावण्याआधी दोनदा विचारा, आणि कुठला भाग दिसलाच पाहिजे ते खडूने त्यांनाच खूण करायला सांगा. कुणाला काठ हवा असतो, कुणाला शर्टाचा खिसा. एका ताईंना वडिलांच्या शर्टावरचा शाईचा डाग हवा होता. मी तो धुणार होते.

पैसे घ्या. दुःखाच्या कामाचे पैसे कसे मागायचे असं वाटतं, पण फुकट केलेलं काम मागे पडत जातं, आणि समोरचाही दहा वेळा विचारायला संकोचतो. पावती फाडा, तारीख लिहा.

हाताची मजुरी

आपल्याकडे मजुरी ठरते ती समोरच्याच्या चेहऱ्यावरून. ते बंद करा. बाळाचं टोपरं घ्या उदाहरणाला: लोकर ६० रुपये, वेळ चार तास, तासाला ७५ रुपये धरले तर ३००. झाले ३६०. त्यावर दुकानाचा पाचवा हिस्सा ७२. म्हणजे ४३२, म्हणा ४३०. "बाजारात दीडशेला मिळतं" असं कुणी म्हणालं तर तिथूनच घ्या म्हणून सांगा, गोड आवाजात. विणणाऱ्या मावशींचे ३०० मात्र त्याच दिवशी हातात द्यायचे. टोपरं विकलं जाईपर्यंत थांबवलंत तर पुढच्या वेळी त्या दुसऱ्या दुकानाकडे विणतील.

फोन आणि कागद, थोडक्यात

व्हॉट्सॲपवर ग्रुप करू नका, सकाळची फुलं आणि सुविचार सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादी करा. पण तुमचा नंबर ज्यांनी साठवलाय त्यांनाच तो निरोप पोचतो, म्हणून बिल देताना नंबर तिथल्या तिथे साठवून घ्यायला लावा. आठवड्याला एक फोटो पुरे. क्यूआर कोडमुळे दहा रुपयांच्या सुईलाही सुट्ट्या पैशांची कटकट राहिली नाही हे खरं, पण पैसे आल्याचा आवाज स्वतः ऐका, दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते; एजंटला पैसे देऊ नका. २०२१ च्या जुलैपासून किरकोळ दुकानदारांनाही तिच्यात घेतलंय, पण फायदा मुख्यतः बँकेच्या कर्जापुरता. कर्ज नको असेल तर घाई नाही.

माल भरण्याचं वेळापत्रक

रुखवताचं काम लग्नाच्या तीन महिने आधी घ्यायचं, नंतर आलेल्यांना तयार तोरण दाखवायचं. संक्रांतीच्या काळ्या कापडाला आणि बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी लागणाऱ्या दोऱ्या-मण्यांना मार्गशीर्षातच हात घाला. आणि गौरी-गणपतीच्या लेस, गोंडे, मखराच्या झालरी आषाढात भरा. श्रावण लागला की भुलेश्वरात भाव चढतात आणि गर्दी अशी की एका हातात छत्री धरायची का पिशवी, हे गल्लीच्या तोंडाशीच ठरवावं लागतं.