मुलं सांभाळून बी.एड. सीईटी: अभ्यास कुठे तुटतो आणि कसा चालू ठेवायचा

पदवी झाली, लग्न झालं, मूल झालं आणि पाच-दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात आलं, अशा कितीतरी जणी बी.एड. सीईटी देतात. त्यांची तक्रारही ठरलेली असते. सुरुवात जोरात होते आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं थंडावतं. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेलेच: पहाटे चारला उठा, ध्येय भिंतीवर लिहून लावा, मन घट्ट करा. पण इच्छा बहुतेकींची शाबूत असते. मोडतं ते वेळापत्रक, कारण ते वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला शोभेल असं आखलेलं असतं. पुढचं सगळं लिखाण आयांना धरून आहे, पण घर सांभाळून परीक्षा देणाऱ्या बापालाही त्यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी परीक्षा नीट बघून घ्या. लांबून वाटते त्यापेक्षा ती लहान आहे. राज्य सीईटी कक्षाची ही बी.एड. प्रवेश परीक्षा संगणकावर होते. 100 प्रश्न, 90 मिनिटं, प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. 40 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, 30 सामान्य ज्ञानाचे, 30 शिक्षक अभियोग्यतेचे, म्हणजे शिकवण्याचा कल बघणारे. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर ईएलसीटी ही इंग्रजी भाषेची 50 प्रश्नांची वेगळी चाचणी द्यावी लागते. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांसाठी 45 टक्के लागतात. पदवीचा विषय इथे विचारला जात नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचं रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र विसरलं असेल तर विसरू द्या. त्या वर्षीची माहिती पुस्तिका मात्र स्वतः उतरवून वाचा. कुणाच्या गटावर आलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

तास मोजू नका, प्रश्न मोजा

"रोज तीन तास" असं ठरवलं की अभ्यास पहिल्याच तापाला मोडतो. मूल दोन दिवस आजारी पडलं की सहा तास मागे, मग ते भरून काढायचा ताण, मग चौथ्या दिवशी पुस्तक उघडायचीच भीती. म्हणून मोजमापच बदला. दहा प्रश्नांचा एक तुकडा धरा: बारा मिनिटं सोडवायला, पाच मिनिटं तपासायला. बऱ्या दिवशी तीन तुकडे, ओढाताणीच्या दिवशी एक. अगदीच वाईट दिवशी नवीन काही नाही, फक्त चुकलेले प्रश्न उतरवायच्या वहीचं, म्हणजे चुकांच्या वहीचं, एक पान. आठवड्यात चार दिवस बरे, दोन ओढाताणीचे आणि एक वाया गेलेला धरला तरी 140 प्रश्न होतात. बारा आठवड्यांत 1680. बौद्धिक क्षमतेतले सगळे नेहमीचे प्रकार हाताखालून जायला एवढे पुरतात.

इथे एक नियम कडक पाळा: राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नाही. राहिला तो राहिला. थकबाकी साचली की माणूस अभ्यासापासून पळतो, आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देणाऱ्या बहुतेक जणींच्या मागे हीच थकबाकी असते.

नोंद ठेवायला अ‍ॅप वगैरे नको. भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिता त्याच चौकोनात त्या दिवशीच्या प्रश्नांचा आकडा लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा, चौकोन कोरा सोडू नका. कोऱ्या चौकोनांची रांग वाढली की आपण अभ्यास सोडला असं वाटायला लागतं. शून्य लिहिणारी बाई अजून हिशेब ठेवून असते.

प्रत्येक तुकड्याच्या शेवटी वहीवर एक ओळ लिहा: "पुढे: दिशा, प्रश्न 11 पासून". मूल मधेच उठलं तर जिथे थांबलात तिथे पेन्सिलीची खूण करा. ही ओळ नसली की पुढच्या वेळी पहिली सात-आठ मिनिटं "कुठे होते मी" यातच जातात, आणि सतरा मिनिटांच्या तुकड्यात तेवढी मिनिटं घालवणं परवडत नाही. पुस्तक, वही, पेन्सिल, घड्याळ हे सगळं एका पिशवीत ठेवा आणि पिशवी उंचावर टांगा. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती सराव संच लागला तर पुढची कथा सांगायला नको.

कोणता विषय कोणत्या वेळी

बौद्धिक क्षमता तुकड्यांत चालते, पण डोकं ताजं लागतं. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा, क्रम, वेन आकृत्या, विधान-निष्कर्ष: एका वेळी एकच प्रकार घ्या, निदान 60 ते 80 प्रश्न होईपर्यंत तोच. रोज सगळ्या प्रकारांचं थोडं थोडं केलं तर पद्धत हातात बसत नाही. गणिताची धास्ती असेल तर थेट जाड गाईड घेऊ नका. मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकापासून सुरुवात करा. प्रकार बरेचसे तेच असतात, भाषा सोपी असते आणि घरात नाहीतर शेजारी ते हमखास सापडतं. हे पुस्तक वापरायला कमीपणा वाटणाऱ्या जणी पुढे मूळ पद्धतीतच अडकतात.

सामान्य ज्ञान ऐकून होतं. बालभारतीची सहावी ते दहावीची इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलाची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. त्यातून स्वतः प्रश्न काढा आणि स्वतःच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा: प्रश्न, पाच सेकंद शांतता, उत्तर. पंधरा प्रश्नांचं मुद्रण चार-पाच मिनिटांत होतं. पोळ्या लाटताना, डबे भरताना, शाळेच्या फाटकापाशी ताटकळताना ते ऐकता येतं. मूळ फायदा मुद्रित करताना होतो, ऐकणं ही उजळणी. चालू घडामोडी मात्र आधीपासून गोळा करू नका. शेवटच्या सहा आठवड्यांत मागच्या सहा-आठ महिन्यांच्या एकदम वाचा. ऑक्टोबरात पाठ केलेलं मार्चपर्यंत टिकत नाही, आणि न टिकल्याचं वाईट मात्र वाटतं.

शिक्षक अभियोग्यतेत आयांची एक खास चूक होते. मुलं आम्ही सांभाळतोच, हे सोपं जाईल, असं त्यांना वाटतं आणि उत्तर घरच्या सवयीने दिलं जातं. गृहपाठ न केलेल्या मुलाचं काय कराल, याचे पर्याय असतात: शिक्षा करू, पालकांना चिठ्ठी पाठवू, कारण विचारू, दुर्लक्ष करू. घरी आपण पहिला किंवा शेवटचा पर्याय वापरतो, परीक्षेला तिसरा हवा असतो. मूल केंद्रस्थानी, शिक्षकाने आधी स्वतःच्या हातातलं करून बघायचं, तक्रार आणि शिक्षा त्यानंतर: या नजरेने पर्याय वाचले की निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्यांसाठी थोडी माहिती पक्की लागते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून, वयोगट 6 ते 14. त्यामागचं कलम 21-क, 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आलेलं. कोठारी आयोग 1964 ते 66. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 आणि त्यातली शालेय वर्षांची 5+3+3+4 ही रचना. भिडे वाड्यातली मुलींची शाळा 1848 ची. अशा तीसेक नोंदी एका पानावर काढून ते पान स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

मुलाच्या वयाप्रमाणे

मूल वर्षाच्या आतलं असेल तर पहाटे उठण्याचा सल्ला सरळ धुडकावा. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या बाईने पहाट काढली तर झोप पाच तासांच्याही खाली जाते, आणि त्याचा पहिला फटका बौद्धिक क्षमतेला बसतो. पद्धत येत असते, पण आकडा चुकीचा वाचला जातो. बाळाची दुपारची पहिली झोप हा तुमचा तुकडा. त्या वेळी भांडी घासायला घेऊ नका. भांडी बाळ जागं असतानाही होतात, संख्यामालिकेचे प्रश्न होत नाहीत.

तीन ते पाच वर्षांचं मूल "आई अभ्यास करतेय" हे समजू शकतं, पण त्याला शेवट दिसावा लागतो. घंटी वाजणारं घड्याळ त्याच्यासमोर वीस मिनिटांवर लावा. घंटी झाली की पुस्तक मिटायचंच, "एकच प्रश्न राहिलाय" म्हणायचं नाही. दोनदा शब्द मोडलात तर तिसऱ्या वेळी ते घंटीची वाट बघणार नाही. वीस मिनिटांसाठी हातात मोबाइल देणं सोपं वाटतं, पण मग पुस्तक उघडलं की मोबाइल मिळतो हा सौदा रोजचा होतो. शिवाय तुमचं मुद्रण त्याच मोबाइलमध्ये असतं.

शाळकरी मुलासोबत एका टेबलावर बसून अभ्यास करा असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. सामान्य ज्ञान वाचायला, चुकांची वही चाळायला चालतं. वेळ लावून प्रश्न सोडवायला चालत नाही, कारण दर तीन मिनिटांनी "आई, हे बरोबर आहे का?" येतंच. आणि कॅलेंडर आधीच बघा. ही सीईटी अलीकडे मार्चच्या सुमारास होते, म्हणजे मुलांची वार्षिक परीक्षा तोंडावर असते. त्या महिन्यात मुलाचा अभ्यास कोण घेणार हे डिसेंबरातच ठरवा.

सलग बसण्याचा सराव

तुकड्यांनी अभ्यास पुढे सरकतो, पण परीक्षा 90 मिनिटं सलग असते. फक्त तुकड्यांत सराव केलेल्या बाईची एकाग्रता चाळीस-पन्नास मिनिटांनी ढासळते. विषय येत असून गुण जातात ते इथे. म्हणून सहाव्या आठवड्यापासून दर रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा द्या, आणि ती घरात देऊ नका. घरात असलेली बाई सगळ्यांना मोकळीच वाटते. गावातल्या वाचनालयाची किंवा नगरपालिकेची अभ्यासिका, मैत्रिणीचं रिकामं घर, काहीही चालेल. निदान दोन-तीन परीक्षा संगणकावर माउसने द्या. मोबाइलवर बोटाने उत्तरं दाबायची सवय झालेल्यांचा केंद्रावर स्क्रीन वर-खाली करण्यात वेळ जातो.

वेळेचं गणित असं मांडा. सरासरी एका प्रश्नाला 54 सेकंद येतात, पण वाटणी सारखी करायची नाही. सामान्य ज्ञानाच्या 30 प्रश्नांना 12 मिनिटं, कारण ते येतं किंवा येत नाही. अभियोग्यतेला 20. बौद्धिक क्षमतेच्या 40 ला 55, म्हणजे प्रत्येकी जवळपास 82 सेकंद. उरलेल्या 3 मिनिटांत कोरे राहिलेले सगळे भरून टाका. गुण वजा होत नसताना कोरं उत्तर सोडण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या सराव परीक्षेत पन्नासच्या आत गुण आले की अनेक जणी तिथेच थांबतात. एकूण बेरीज बघूच नका, तिन्ही विभाग वेगळे लिहा. प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा: येत नव्हतं, घाई झाली, प्रश्न नीट वाचला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाचे गुण दोन-तीन रविवारांत परत येतात, त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. या चुकांचे आकडे उतरताना दिसले की पुढचा आठवडा आपोआप निघतो.

घरच्यांकडून काय मागायचं

"मला जरा मदत करा" यातून काही मिळत नाही. "रविवारी सात ते साडेनऊ मुलं तुमच्याकडे, नाश्ता तुम्ही बघा, मी घरात नसेन, मार्चअखेरपर्यंत" असं सांगा. काम, वेळ आणि शेवट तिन्ही असलं की नवरा असो वा सासूबाई, नाही म्हणणं अवघड जातं. सासूबाईंना रोजचा तासभर मागण्यापेक्षा आठवड्यातली एक पक्की वेळ मागा. ती जास्त दिवस पाळली जाते. शे-दोनशे जणींच्या गटात शिरण्यापेक्षा याच परीक्षेला बसणारी एक मैत्रीण शोधा आणि शनिवारी एकमेकींचे कालनिर्णयातले आकडे सांगा.

कागदपत्रं

यात विवाहितांची खास अडचण होते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फॉर्मवरचं नाव आणि केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र जुळत नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाची राजपत्रातली नोंद लागते. फॉर्म भरायच्या आधीच ती काढा. जातीचा दाखला वडिलांकडून येतो, त्यामुळे त्याचे पुरावे माहेरच्या तालुक्यातले लागतात. प्रवेश फेऱ्या सुरू झाल्यावर ही धावपळ करायला गेलात तर हातची जागा जाते.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना नावापेक्षा अंतर बघा. बी.एड. दोन वर्षांचं आहे. वर्गाची हजेरी 80 टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेची (इंटर्नशिपची) 90 टक्के लागते. एका बाजूला दीड तास प्रवास असेल तर मूल शाळेतून येईल तेव्हा घरी कोण असेल, याचं उत्तर यादी भरायच्या आधी हवं. पाळणाघर लागणार असेल तर निकालाची वाट न बघता चौकशी करून ठेवा. जूनमध्ये सगळ्याच आया शोधायला निघतात.