धरणाच्या काठाने सायकल: साताऱ्यातील नवशिक्यांनी सुरुवात कशी करावी

साताऱ्यात कोणी नवी गिअरची सायकल घेतली की पहिल्याच रविवारी ती यवतेश्वरच्या घाटाला लावायची, अशी रीतच पडून गेली आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्यावर होते आणि वर कासचे पठार आहे, त्यामुळे घाटाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शहरापासून कासपर्यंतचे अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर आणि चढण जवळजवळ पाचशे मीटरची आहे. ती चढताना फार तर दम लागतो. खरी पंचाईत उतरताना होते, कारण सवय नसलेल्या हातांनी वळणावर घाबरून ब्रेक करकचून दाबले जातात. माझ्या मते नवशिक्याने आधी कण्हेर धरणाचा काठ गाठावा. तेथे चढ-उतार लहान आहेत, जमीन दर शंभर पावलांवर बदलते, आणि पडलोच तर बहुतेक वेळा मातीतच पडतो.

एक गोष्ट मात्र आरंभीच ध्यानात घ्यावी. या काठावर सायकलसाठी आखलेली, पाट्या लावलेली वाट नाही. जे आहे ते बैलगाडीचे रस्ते, गुरांच्या पायवाटा आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन. त्यामुळे मागच्या वेळी गेलेली वाट या वेळी असेलच, असे नाही. धरणाच्या काठाने सायकल चालवण्याची निम्मी कला पाण्याची पातळी ओळखण्यात आहे, आणि म्हणून मार्गदर्शनाची सुरुवात सायकलपासून न करता पाण्यापासून करणे मला योग्य वाटते.

महिना पाहून वाट ठरवावी

वेण्णा महाबळेश्वरहून निघते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कण्हेरचे धरण याच नदीवर आहे. पावसाळ्यात जलाशय भरत जातो आणि पाणी पूररेषेकडे चढते. तेव्हा काठाची वाट पाण्याखाली असते आणि उरलेली चिखलात. जुलै ते सप्टेंबर या काळात काठाचा नाद सोडून डांबरी रस्त्यावरच सराव करावा. पुढे रब्बीसाठी कालव्यांना पाणी सुटू लागले की पातळी हळूहळू उतरते आणि दर आठवड्याला काठ थोडा थोडा रुंद होत जातो.

नव्याने उघड्या पडलेल्या या गाळाच्या जमिनीत शेतकरी चारा किंवा हरभरा पेरतात. या पेरणीला गाळपेर म्हणतात. बाहेरून आलेल्या माणसाला ती मोकळी, माळरानासारखी जागा वाटते, परंतु कोंब वर येण्याआधी पेरलेले रान आणि पडीक रान यांतील फरक सायकलवरून दिसत नाही. पाभरीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, बारीक समांतर रेघा दिसल्या की तेथे चाक घालू नये आणि बांधाच्या कडेने जावे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. मार्चनंतर जमीन टणक होते, पण ऊन सकाळी नऊलाच चटके देते आणि काठावर सावली म्हणावी अशी नाही.

गाळाची परीक्षा

ही पायरी कोणीही सांगत नाही आणि फजिती नेमकी येथेच होते. ओसरत्या पाण्यालगतचा गाळ वाळला की त्याला भेगा पडतात आणि त्याच्या हाताएवढ्या खपल्या तयार होतात. कडा वर वळलेल्या, रंग राखाडी, पाय ठेवला तर पापडासारखा आवाज. हा थर वरून कोरडा ठणठणीत दिसतो. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत एक गुराखी लांबून ओरडून सांगत होता, “दादा, पुढं जाऊ नगा, वरनं वाळल्यालं दिसतंय, खाली वलं हाय.” मी हात हलवला आणि पुढे गेलो. दहा-बारा पावलांवर पुढचे चाक अर्धे आत गेले, सायकल जागीच थांबली आणि मी हँडलवरून पलीकडे पडलो. लागले काही नाही, परंतु ब्रेक, चेन आणि चाकाच्या चिमट्यात बसलेला तो चिकट गाळ बाभळीच्या काटकीने खरवडण्यात पाऊण तास गेला. गुराखी तोवर येऊन शेजारी बसला होता आणि काटक्या तोच पुरवत होता.

म्हणून परीक्षा अशी करावी. अनोळखी पट्टा दिसला की उतरावे आणि टाचेवर सगळा भार देऊन एका भेगेजवळ दाबावे. खपली मोडून खालची माती कोरडी, भुरभुरीत निघाली तर जाण्यास हरकत नाही. टाच खचली किंवा मोडलेल्या खपलीची खालची बाजू काळपट व गार लागली तर तेथूनच परत फिरावे. गुरांच्या खुरांचे ठसेही पुष्कळ सांगतात. ठसे उथळ असतील तर वाट भरवशाची, आणि खोल ठशांत पाणी साचलेले असेल तर ती वाट म्हशींची आहे, आपली नव्हे. एरवी तांबूस मुरुमाची पट्टी काठापासून थोडी वर, जुन्या गाडीवाटेने जाते. नवशिक्याने पहिल्या तीन-चार फेऱ्यांत तीच धरून राहावे.

सायकल कोणती आणि तिची बसवणूक

महागडी सायकल लागत नाही. रुंद टायरची, चालू ब्रेकची आणि मापात बसणारी कोणतीही माउंटन बाइक चालते. टायर साधारण 2 इंच किंवा त्याहून रुंद आणि खाचांचे असावेत. पुढे सस्पेन्शन असल्यास हाताला आराम मिळतो. स्वस्त सायकलींना मागे दिलेले सस्पेन्शन बहुधा वजनच वाढवते, तेव्हा त्यासाठी पैसे मोजू नयेत.

सीटची उंची मात्र स्वतः तपासावी. माझी पहिली सायकल ज्या दुकानातून घेतली, तेथे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करून दिली होती आणि महिनाभर गुडघे दुखले तेव्हा कोठे चूक लक्षात आली. भिंतीला धरून सीटवर बसावे, एक पेडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला की उंची बरोबर. प्रत्यक्ष चालवताना चवडा पेडलवर येतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप किंचित बाक राहतो. उतारावर सराव करायचा असेल त्या दिवशी हीच सीट दोन बोटे खाली घ्यावी.

हवेबाबत सर्वसाधारण समज उलटा आहे. टायर दगडासारखा टणक भरला की सायकल चांगली पळते, हे डांबरावर बऱ्याच अंशी खरे आहे. मुरुमावर मात्र असा टायर खड्यांवरून उड्या मारतो आणि पकड सुटते. मध्यम वजनाच्या माणसाने रुंद टायरमध्ये कच्च्या वाटेसाठी 30 ते 35 पीएसआय (पंपाच्या काट्यावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) हवा ठेवावी. घरून निघताना थोडी जास्त भरावी आणि काठाला पोहोचल्यावर सोडावी. परतीसाठी हातपंप जवळ असतोच. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी आणि कोणती मूठ पुढच्या चाकाची आहे हे पक्के करून घ्यावे, कारण सगळ्या सायकलींत ती एकाच बाजूला नसते.

सोबत हेल्मेट, एक जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पॅच, पंप, षटकोनी पान्यांचा संच आणि तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी असावे. खाण्याला राजगिऱ्याचा लाडू उत्तम. कंदी पेढा खिशात टिकतो खरा, पण नंतर तहान फार लागते.

जाण्याचा रस्ता

हिवाळ्यात सव्वासहाला निघावे. मोळाच्या ओढ्यावरून मेढ्याच्या रस्त्याला लागून कोंडव्यावरून कण्हेरकडे गेले की शहरापासून दहा-बारा किलोमीटरमध्ये धरण येते. हा रस्ता पुढे महाबळेश्वरला जातो, म्हणून शनिवार-रविवारी उशिरा निघाल्यास मोटारींची रांग सोबतीला असते. पहाटे धुके असल्यास मागे लाल दिवा चालू ठेवावा. धरणाच्या भिंतीवर आणि सांडव्याच्या परिसरात सायकल नेण्याचा विचारही करू नये; ती जलसंपदा विभागाची संरक्षित जागा आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला, गावाच्या बाजूने काठाला उतरणाऱ्या गाडीवाटा असतात. कोठून उतरावे हे नकाशापेक्षा पारावर बसलेल्या माणसाला विचारावे, कारण यंदा पाणी कोठवर आहे हे नकाशाला ठाऊक नसते.

काठावर चालवताना

पहिला अर्धा तास केवळ नजरेचा सराव करावा. नवशिका पुढच्या चाकाकडे पाहतो आणि जो दगड चुकवायचा त्याच्यावरच जातो. नजर आठ-दहा पावले पुढे, जेथून जायचे त्या फटीवर ठेवली की हँडल तिकडेच वळते.

चढ आला की तो सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करावा, म्हणजे पुढची लहान आणि मागची मोठी चकती. चढाच्या मध्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन कडकडते आणि कधी उतरते. मुरुमाच्या चढावर उभे राहून पेडल मारू नये. मागच्या चाकावरचा भार कमी होऊन ते जागीच फिरते. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून, कोपरे वाकवून, बसूनच चढावे.

उतारावर दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहावे, नितंब सीटच्या किंचित मागे न्यावे आणि कोपरे व गुडघे सैल ठेवावेत. थांबवण्याचे मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून त्याला भिऊन फक्त मागचाच दाबण्याची सवय लावू नये. मागचे चाक एकटेच अडकले की ते घसरत बाजूला जाते. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळूहळू वाढवत दाबावेत आणि वेग वळणाच्या आधी कमी करावा. वळणात, सुट्या खड्यांवर पुढचा ब्रेक दाबला तर सायकल खालून निघून जाते. पाण्याकडे उतरणारा एखादा पन्नास पावलांचा उतार निवडावा आणि त्याच्या मध्यावर एक दगड ठेवून, चाक न घसरता दगडापाशी थांबता येते का, हे दहा वेळा करून पाहावे. हा सराव कंटाळवाणा आहे, पण याच एका कामासाठी मी आजही काठाला जातो.

गुरे समोर आली तर घंटी वाजवू नये. थांबावे आणि कळप जाऊ द्यावा. म्हैस वाट सोडत नाही. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळ काढण्याऐवजी उतरावे, सायकल मध्ये धरून चालावे; बहुतेक कुत्र्यांचा राग चालत्या माणसावर नसतो. पाण्यात मात्र पोहायला उतरू नये, कारण गाळाचा काठ कोठे एकदम तुटतो हे वरून कळत नाही. कोणी जखमी झाल्यास 112 वर फोन करावा, आणि त्यासाठी मागच्या वाडीचे नाव आधीच लक्षात ठेवावे.

काटा

काठाच्या बाभळीमुळे पंक्चर केव्हातरी होणारच. ट्यूब काढून लगेच नवी घालण्याची घाई करू नये. टायरच्या आतून रुमाल हळूहळू फिरवावा. मोडलेल्या काट्याचे टोक आत असेल तर कापड तेथे अडकते. ते न काढता घातलेली ट्यूब दुसऱ्या किलोमीटरला जाते. नवी ट्यूब घालताना तिच्यात आधी थोडी हवा भरावी, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही, आणि टायरची शेवटची कड शक्यतो हातानेच बसवावी.

घरी आल्यावर गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवावा. गॅरेजमधील जोरदार फवारा चाकाच्या आणि क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) बेअरिंगवर मारू नये. चेन पुसून, कोरडी करून प्रत्येक कडीला थेंबभर तेल द्यावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे.

त्यानंतर घाट

दगडापाशी दहापैकी आठ-नऊ वेळा न घसरता थांबता येऊ लागले की यवतेश्वरचा घाट धरावा. वर गेल्यावर मात्र काठावरची मोकळीक विसरावी लागते. कासचे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. तेथील सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर, जांभ्या खडकाच्या पाठीवर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि सीतेची आसवे, तेरडा यांसारखी फुले त्या थरावरच जगतात. धरणाच्या गाळात पडलेली चाकोरी पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन बुजते. सड्यावर पडलेल्या चाकोरीतून पावसाचे पाणी वाहू लागते, माती धुपून जाते आणि उघडा खडक उरतो. तेव्हा कासला, बहर असो वा नसो, डांबर सोडू नये. फुलांच्या दिवसांत पठारावर प्रवेशाचे नियम आणि शुल्क असते, ते आधी पाहून जावे. परतीचा उतार सकाळी नऊच्या आत संपवावा. त्यानंतर पर्यटकांच्या गाड्या वर येऊ लागतात आणि वळणावर त्या हमखास आपल्या बाजूला येतात.