संगीतासाठी डेस्कटॉप: जोडायचा की तयार घ्यायचा?
गेमिंगसाठी सजवलेला तयार डेस्कटॉप संगीताच्या कामाला शक्यतो घेऊ नका. बराच पैसा ग्राफिक्स कार्डात जातो, वर त्याच्या पंख्याची घरघर माइकमध्ये उतरते. स्वतः जोडलात तर प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं (ते आहे ना, तेवढं बघून घ्या!) आणि वाचलेले पैसे ३२ जीबी रॅम, सॅम्पल लायब्ररीसाठी (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांचा साठा) वेगळी एसएसडी आणि मोठे, संथ फिरणारे पंखे यांवर लावता येतात. प्रोसेसरमधले नुसते कोअर (काम करणारे भाग) मोजू नका: एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगिन (इफेक्ट किंवा वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) सहसा एकाच कोअरवर चालतात, तेव्हा एका कोअरचा वेग बघा. मात्र आवाज तुटायला लागल्यावर दोष ड्रायव्हरचा (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) की बायोसचा (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा), हे शोधत बसायची तयारी नसेल, तर ऑडिओसाठीच तपासून दिलेला तयार डेस्कटॉप घ्या, महाग पडला तरी.