गोव्यातून महारेराची एजंट परीक्षा देणाऱ्यांसाठी

पेडणे, डिचोली, बार्देशमधले जे लोक हल्ली दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, शिरोडा भागातले प्लॉट दाखवू लागले आहेत, हे त्यांच्यासाठी. रेरा (घरं-प्लॉटांच्या विक्रीवर देखरेख ठेवणारा कायदा आणि त्याचं राज्यातलं प्राधिकरण; महाराष्ट्राचं ते महारेरा) म्हणजे काय, प्रोजेक्टचा नंबर कुठे बघायचा, सात-बारा कसा दिसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

जानेवारी 2023 मध्ये मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि गोव्यातला मीटराचा दर ऐकून डोळे पांढरे झालेलं गिऱ्हाईक पत्रादेवीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या नाक्याच्या, पलीकडे बघायला तयार झालं. आपल्याला वाटलं, धंदा तोच, माणसं तीच, फक्त नाका ओलांडायचा. पण गोवा रेराचा एजंट नंबर नाक्यापलीकडे चालत नाही. रेरा कायद्याच्या कलम 9 प्रमाणे नोंदणी एकदा मिळाली की ती पूर्ण राज्याला लागू होते, पण त्या एकाच राज्याला. सिंधुदुर्गातला नोंदणीकृत प्रोजेक्ट विकायचा तर महारेराची नोंदणी हवी आणि ती मागायच्या आधी सक्षमता प्रमाणपत्र हवं. ते मिळतं 20 तासांचं प्रशिक्षण आणि आयबीपीएस या संस्थेची संगणकावरची परीक्षा झाल्यावर. महारेराने हा नियम जानेवारी 2023 मध्ये आणला, पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली.

‘कोण बघतो’ हा आपल्याकडचा आवडता मंत्र इथे म्हणू नका. प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी महारेराने 2024 मध्ये स्थगित केली होती.

आता घाबरलेल्यांना थोडं पाणी देते. उत्तीर्ण व्हायला 40 टक्के लागतात. पहिल्या परीक्षेत बसलेल्यांपैकी बहुतेक जण पास झाले आणि त्यांत साठी ओलांडलेलेही होते. तीन-चार आठवडे रोज तासभर नीट बसणारा माणूस यात नापास होणं कठीण. पण ‘नीट’ या शब्दावर सगळं अडतं, आणि गंमत म्हणजे ज्यांनी दहा-पंधरा वर्षं धंदा केलाय तेच जास्त अडतात.

कारण ही परीक्षा तुमच्या धंद्याची नाही, ती कायद्याची आहे. प्रश्न काढणाऱ्याला बाजार पक्का माहीत असतो. चार पर्यायांतला एक तो मुद्दाम बाजारातून उचलून ठेवतो. नवख्या पोराला तो पर्याय इतर तिघांसारखाच दिसतो. आपल्याला मात्र तो ओळखीचा वाटतो, कारण काल संध्याकाळी आपण गिऱ्हाइकाला तेच सांगितलेलं असतं. सराव चाचण्यांमध्ये माझे गुण जायचे ते इथेच. न वाचलेल्या कलमांवर फार कमी गेले.

सगळ्यात मोठा खड्डा चटई क्षेत्राचा, म्हणजे कार्पेट एरियाचा. इथे जरा थांबा, मी सावकाश सांगणार आहे.

बाजारात कार्पेट म्हणजे काय? ‘जिथे गालिचा अंथरता येतो ते.’ मला हे वाक्य म्हापशातल्या एका जुन्या ब्रोकरने शिकवलं. सगळे त्यांना भाई म्हणतात. जमिनीच्या कागदात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला सात-बाराच) कुळाचं नाव आहे की नाही, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर कुठे लपलंय, कोणत्या भावाची बायको सहीला आलेली नाही, हे ते उतारा हातात घेताक्षणी सांगतात. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायको दोघांची सही लागते, हे मुंबईच्या गिऱ्हाइकाला समजावताना मी आजही त्यांचीच वाक्यं वापरते. पण गालिच्याचं ते वाक्य परीक्षेत मारतं.

गालिच्याच्या हिशेबाने बाल्कनी आत येते, कारण तिथेही चटई टाकून बसता येतं, आणि खोल्यांमधल्या भिंती बाहेर जातात, कारण भिंतीवर कोण बसतो? कायदा नेमका उलट आहे. घराच्या आतली वापरायची निव्वळ जमीन धरायची. बाहेरच्या भिंती वगळायच्या. डक्ट, शाफ्ट, म्हणजे पाइप-वायरींच्या उभ्या पोकळ्या, वगळायचे. फक्त त्या घराच्या वापरासाठी असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा वगळायचा, तशीच त्या घराची उघडी गच्ची वगळायची. आणि आतल्या, खोली-खोलीमधल्या भिंतींची जागा मात्र धरायची.

आकड्यांत बघा. दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सगळ्या खोल्यांची आतली मोकळी जमीन मिळून 58 चौरस मीटर. आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा 3. बाहेरच्या भिंती 5, डक्ट 1, बाल्कनी 7. बिल्डरचा माणूस 74 सांगेल, वर जिना-लॉबीचा वाटा चढवून नव्वदच्या घरातही नेईल. भाईंचं उत्तर 58 अधिक 7, म्हणजे 65. जरा शहाणा एजंट बाल्कनी काढेल आणि 58 वर थांबेल. बरोबर उत्तर 61 आहे, म्हणजे सुमारे 657 चौरस फूट. परीक्षेत 58, 61, 65 आणि 74 असे चारही पर्याय समोर ठेवले, तर प्रत्येकावर बोट ठेवणारा कोणी ना कोणी सापडेल.

आणि आपल्याला गोवेकरांना हा खड्डा दुप्पट खोल. आपल्या घराचा जीव बलकांवात, म्हणजे दारापुढच्या व्हरांड्यात. सोप्यावर बसून अर्धं आयुष्य जातं, तिथेच चहा, तिथेच वाद, लग्नाची बोलणीही तिथेच. गिऱ्हाईक सगळ्यात आधी विचारतं तेही त्याचंच. त्यामुळे व्हरांडा ‘घरात नाही’ हे वाचूनही डोक्यात उतरत नाही. मी शेवटी वहीवर माझ्याच घराचा नकाशा काढला, आतल्या भिंती लाल पेन्सिलीने रंगवल्या, बलकांव आणि बाहेरच्या भिंतींवर फुली मारली. तुम्हीही स्वतःचं घर काढा. पुस्तकातला नकाशा परक्याचा असतो, दोन दिवसांत पुसला जातो.

हे एकदा बसलं की इतर प्रश्नांतही तोच चोर दिसायला लागतो. टोकनचं बघा. आपल्याकडे एमओयू, म्हणजे न नोंदवलेला साधा समझोता, करून वीस-पंचवीस टक्के घ्यायची जुनी सवय. कलम 13 सांगतं, विक्रीकरार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 60 लाखांचा फ्लॅट असेल तर सहा लाखांवर थांबायचं. प्रश्नात ‘दोन्ही पक्षांची लेखी संमती असल्यास’ असं गोड शेपूट जोडलेलं असेल तरी उत्तर बदलत नाही.

किंवा सूट कुणाला मिळते ते. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रोजेक्टची नोंदणी लागत नाही. मग हजारो मीटरच्या भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, ‘आधी पाच व्हिला, पुढच्या वर्षी पाच’ अशी वाटणी सांगणारे भेटतात. मोजणी सगळे टप्पे धरून होते. पाच आणि पाच दहा झाले, नोंदणी हवी. आणि नोंदणी लागत असून न केलेला प्रोजेक्ट आपण दाखवायला नेला, तर अडकतो तो फक्त बिल्डर नाही. कलम 10 सरळ एजंटला उद्देशून आहे. दंड कलम 62 मध्ये आहे: दिवसाला 10 हजार, जास्तीत जास्त त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. वरच्याच 60 लाखांच्या फ्लॅटवर हिशेब केला तर तीन लाखांची मर्यादा 30 दिवसांत गाठली जाते. दोन टक्के कमिशनचं काय होतं ते तुम्हीच काढा.

दहा आणि पाच, हे दोन आकडे मुद्दाम घोळ घालतात. टोकनची मर्यादा 10 टक्के, नोंदणी न करणाऱ्या बिल्डरचा दंड प्रोजेक्टच्या अंदाजे खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत, एजंटचा दंड दिवसाला 10 हजार. एजंटच्या दंडाची कमाल 5 टक्के, बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून 5 वर्षं, आपली नोंदणी 5 वर्षं. नुसते आकडे पाठ केलेत तर घाईत कोणताही कुठेही चिकटेल. प्रत्येक आकड्याला ‘कोणावर’ आणि ‘कशाचे’ हे दोन प्रश्न विचारत वाचा. वेगळ्या खात्यात ठेवायचे 70 टक्के गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांचे. अपीलाआधी बिल्डरने भरायचे निदान 30 टक्के हे दंडाचे.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत सगळ्यांना पटत नाही, तरी सांगते. वीस तास कटकट म्हणून उरकू नका. गाडी चालवता चालवता मोबाईलवर लावून ठेवणारे मी पाहिलेत, पुढे तेच ग्रुपवर ‘कोणाकडे इम्पॉर्टंट प्रश्न आहेत का’ विचारत फिरतात. त्या प्रश्नांच्या पीडीएफपासून तर लांबच राहा. माझ्या हातात एक आली होती, तिच्यात चटई क्षेत्राचंच उत्तर चुकीचं छापलेलं होतं. कोणी बनवली, कोणी तपासली, काही पत्ता नाही, आणि लोक पैसे देऊन घेत होते. ‘पास करून देतो’ म्हणणाऱ्या क्लासवाल्यालाही नमस्कार करा आणि घरी या. मूळ कायदा 92 कलमांचा आहे, फुकट मिळतो, आणि आपल्या कामाची कलमं त्यातली पंचवीसेक असतील. कलम 2 मधल्या व्याख्या, मग 3, 4, 9, 10, 11, 13, 14, 17, 18, 19, आणि शेवटी 59 पासूनचे दंड. इतकं तीनदा वाचलं की बराच किल्ला सर होतो. महारेराचं संकेतस्थळ रोज थोडा वेळ उघडून सिंधुदुर्गातला एखादा खरा प्रोजेक्ट पूर्ण वाचा: मुदत, वाढवलेली मुदत, मंजूर नकाशा, चालू असलेले दावे. वाचायला कंटाळा येतो, मान्य. पण नंतर गिऱ्हाइकासमोर हेच कामाला येतं.

गुरूंचंही तसंच. भाईंना मी अजून मानते, कागद बघायचा असेल तर पहिला फोन त्यांनाच. पण परीक्षेच्या आधीचे आठवडे त्यांच्याशी कायद्यावर बोलणं मी बंद केलं. ज्याने धंदा शिकवला त्याचं वाक्य डोक्यात सगळ्यात आधी उमटतं, आणि पर्याय निवडायच्या परीक्षेत पहिलं उमटलेलंच बोट दाबतं. अभ्यासाला सोबत हवी असेल तर धंद्यात नसलेलं माणूस घ्या. माझी नणंद शाळेत शिकवते. ती प्रत्येक उत्तराला ‘कुठे लिहिलंय दाखव’ म्हणायची, तिचा फार राग यायचा आणि तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

भाषेची धास्ती घेऊ नका. आपल्यातले पुष्कळ जण चौथीपर्यंत मराठीत आणि पुढे इंग्रजीत शिकलेले, त्यामुळे प्रवर्तक (बिल्डर), अभिकर्ता (एजंट), अभिहस्तांतरण (मालकी नावावर करून देणं) वाचून पोटात गोळा येतो. मी व्याख्या दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी लिहून काढल्या. आठवडाभरात भीती गेली.

महाराष्ट्राच्या जमिनीची भाषा मात्र वेगळी शिकावीच लागेल, परीक्षेपेक्षा कामासाठी. इथे आपण मीटरात बोलतो, तिथे गुंठ्यात. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर, चाळीस गुंठ्यांचा एकर. आपली सनद ती तिथे बिनशेती, आपलं म्युटेशन ते तिथे फेरफार. शेतजमीन घ्यायला तिथे सर्वसाधारणपणे शेतकरी असावं लागतं, आणि ‘गोव्यात आमचं भाट आहे’ एवढ्या तोंडी बोलण्यावर गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊ नका. तो विषय तिथल्या वकिलाचा.

माझं केंद्र कोल्हापुरात होतं. पावसात आंबोली घाटातल्या धुक्याचा भरवसा नाही, आजरा-गडहिंग्लजमार्गे जाणार असाल तर आदल्या दिवशीच निघा. पहाटे निघून वेळेत पोहोचलेलेही आहेत, पण त्यांची तोंडं बघण्यासारखी होती. प्रवेशपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून घ्या. आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव आधारवर एका स्पेलिंगचं, पॅनवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या, हे घरोघरी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर हे काम प्रशिक्षणाचे पैसे भरायच्या आधीच हातात घ्यावं. दुरुस्तीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं, आणि पुढे नोंदणीच्या अर्जालाही हेच कागद लागतात. एका व्यक्तीच्या नावावर अर्ज केला तर तिथली फी 10 हजार रुपये. फर्मच्या नावाने गेलात तर एक लाख, तेव्हा भागीदारांना विचारूनच ठरवा.