रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकवर नेताना: बेळगावहून इरुंगट्टुकोट्टै आणि परत

बेळगावातून धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग, बेंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ चेन्नईला पोचण्याच्या थोडे आधी, श्रीपेरंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे, मद्रास इंटरनॅशनल सर्किट या मोटार शर्यतींच्या ट्रॅकजवळून जातो. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये सुरू केलेला हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा असून त्यात १२ वळणे आहेत. म्हणजे बेळगाव किंवा निपाणीच्या माणसाला, आयोजकांनी ठेवलेल्या दिवशी आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायला जायचे असेल, तर घराजवळचा हमरस्ता सोडावाच लागत नाही. फक्त त्यावर सुमारे ८०० किलोमीटर गाडी चालवावी लागते आणि ट्रॅकच्या दुसऱ्या दिवशी तेवढीच परत.

पुढचे सगळे नियोजन या परतीवर अवलंबून आहे. जो आपली गाडी ट्रकवर चढवून नेतो, त्याचा दिवस शेवटच्या फेरीबरोबर संपतो. व्हर्टस जीटी, आय-२० एन लाइन किंवा जुनी पोलो जीटी अशी रोजच्या वापरातली गाडी नेणाऱ्याला मात्र त्याच टायरवर, त्याच ब्रेकवर घरी यायचे असते आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने मुलांना शाळेत सोडून कामावर जायचे असते. म्हणून तयारीच्या प्रत्येक टप्प्यावर ‘याने गाडी किती जोरात पळेल’ यापेक्षा ‘याने गाडी धड परत येईल का’ हा प्रश्न आधी विचारावा.

निघण्यापूर्वीचे कागद

आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली संघटित शर्यत, वेगाची चाचणी, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणे) आणि विश्वासार्हता चाचणी हे प्रकार वगळलेले असतात. आयोजक आपल्या कार्यक्रमाला शर्यत म्हणो वा न म्हणो, ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाले तर खर्च आपल्याच खिशातून जाणार असे समजून चालावे. दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागल्यास काय करायचे, हे नोंदणीच्या अर्जात आणि हमीपत्रात लिहिलेले असते. त्यावर सही करण्याआधी ते शांतपणे वाचावे. जी गाडी मोडली तर कर्जाचे हप्ते भरत बसायची पाळी येईल, ती गाडी ट्रॅकवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एवढा खर्च करून चेन्नईला कशाला, आपला चोर्ला घाट आहे, तवंदी घाट आहे’ असे म्हणणारा एखादा मित्र भेटतोच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालील गुन्हा असून पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी अडचण अशी, की घाटात समोरून ट्रक येतो आणि ट्रॅकवर येत नाही. लांब जाण्याआधी हात बसवायचाच असेल तर कोल्हापूर जवळ आहे. तिथल्या मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग (छोट्या, उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या) स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. कार्टमध्ये वळणाची रेषा आणि ब्रेक सोडण्याची वेळ जितकी लवकर कळते, तितकी मोठ्या गाडीत कळत नाही.

हवामानाचाही विचार करावा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आपल्याकडे मोकळा काळ, पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि मार्चनंतर तिथला उकाडा माणूस, इंजिन आणि टायर या तिघांनाही जड जातो. जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख मिळाली तर ती धरावी.

ब्रेक

रोजची गाडी ट्रॅकवर सर्वांत आधी हार मानते ती ब्रेकमध्ये. याचे कारण साध्या गणितात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह १३०० किलो वजनाची गाडी सिग्नलला ताशी ६० वरून थांबवताना ब्रेकना जेवढी उष्णता पचवावी लागते, त्याच्या जवळपास पाचपट उष्णता तीच गाडी ताशी १५० वरून ७० वर आणताना तयार होते. सिग्नलनंतर डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर पुढचे वळण काही सेकंदांत समोर उभे असते.

ही उष्णता दोन ठिकाणी त्रास देते आणि पायाला दोन्हीतला फरक कळतो. डिस्कला दाबून धरणारे पॅड तापून त्यांची पकड गेली, तर पेडल नेहमीसारखे घट्ट लागते पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. दुसरा प्रकार अधिक धोकादायक आहे आणि टाळायला सर्वांत सोपाही आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि खानापूर-बेळगाव पट्ट्यातला पावसाळा पाहता इथल्या गाडीत तो शोषला जाण्याला तोटा नाही. कोरड्या, नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर त्याच प्रतीची मर्यादा १५५ अंश धरली जाते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. तेव्हा जाण्यापूर्वीच्या आठवड्यात, सीलबंद डब्यातले नवे डॉट ४ किंवा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे चालत असल्यास डॉट ५.१ भरून, चारही चाकांवरून जुने ऑइल आणि हवा काढून घ्यावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे निराळे ऑइल आहे. नाव जवळचे असले तरी ते यात कधीही मिसळू नये. ऑइलची वरची टाकी तेवढी उपसून पुन्हा भरणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे, हे गॅरेजमध्ये समोर उभे राहून बघावे.

पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक असावेत. नवे बसवले असतील तर रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवण्याची क्रिया आठ-दहा वेळा करावी, मध्ये पूर्ण थांबू नये, आणि शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात. खास ट्रॅकचे पॅड पहिल्या खेपेला घेऊ नयेत, कारण ते गार असताना नीट धरत नाहीत, आणि परतीच्या वाटेवर पहाटे हुबळीजवळ समोर म्हैस आली तर उपयोग गार ब्रेकचाच असतो. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजून घ्यावी.

चाकांचे नट किंवा बोल्ट पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. पान्याला पाईप लावून त्यावर उभे राहण्याची आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या भागात, जिथे प्रत्येक गल्लीत मशीन शॉप आहे, तिथे अचूक टॉर्क रेंच मिळाला नाही असे सांगणाऱ्याने तो शोधलेला नाही. ट्रॅकवरही पहिल्या फेरीनंतर, चाके थंड झाल्यावर, हे माप पुन्हा तपासावे.

बाकीची तपासणी थोडक्यात: इंजिन ऑइल वरच्या खुणेजवळ असावे, कारण लांब वळणात ते एका बाजूला सरकते, कूलंट पुरेसे असावे, सस्पेन्शनचे बॉल जॉइंट आणि बुश ढिले नसावेत, टायरवर फुगे किंवा चिरा नसाव्यात आणि त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांवरून, ज्यातले पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात, त्याचे वय पाहावे. पाच वर्षे उलटलेल्या टायरवर मी ट्रॅकवर उतरणार नाही, मग नक्षी कितीही शिल्लक असो.

गाडी रिकामी करणे

ट्रॅकवर पोचल्यावर डिकी आणि केबिन पूर्ण रिकामी करावी. पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेल्यास काय होईल हे सांगायला नको. चालकाच्या पायाखालची मॅटही काढावी. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेले गणपती जोराच्या ब्रेकला जागा सोडतात, म्हणून त्यांना आधीच नमस्कार करून कापडात गुंडाळून बॅगेत ठेवावे. पुढे लटकणारे लिंबू-मिरची, आरशाची माळ, मोबाइलचा स्टँड हेही उतरवावे. गाडी ओढण्याचा स्क्रूचा हुक स्टेपनीच्या खळग्यातून काढून हाताशी ठेवावा, कारण अनेक ठिकाणी तपासणीत तो मागतात. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पातळ तळाचे बंद बूट लागतात. हेल्मेटची कोणती प्रत चालते ते आयोजकांना आधी विचारावे. टाकीत निम्म्याच्या आसपास पेट्रोल असावे. अगदी कमी असेल तर वळणात पंपाला ते मिळत नाही. शिवाय ट्रॅकवरचा ॲव्हरेज घरी सांगण्यासारखा नसतो.

ट्रॅकवर

घाटात मुरलेल्या चालकाला इथे दोन सवयी सोडाव्या लागतात. घाटात आपण डावी कड धरून राहतो आणि वळणभर ब्रेकवर पाय हलका टेकवून ठेवतो. ट्रॅक एकाच दिशेचा असल्याने त्याची पूर्ण रुंदी वापरायची असते: बाहेरच्या कडेने वळणाजवळ यायचे, आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ द्यायचे. ब्रेक सरळ रेषेतच, लवकर आणि जोराने लावावा, आणि स्टिअरिंग फिरू लागले की तो हळूहळू सोडत जावा. टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच आहे. ती ब्रेकला पूर्ण दिली तर वळायला उरत नाही. पायाची हलकी सवय सुटली नाही, तर ब्रेकना थंड व्हायला क्षणही मिळत नाही आणि तिसऱ्याच फेरीत त्यांचा वास येऊ लागतो.

ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करू नये. पहिल्या सत्रात वेगाकडे लक्ष न देता वळणांचा क्रम, झेंडे दाखवणाऱ्यांच्या जागा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबवण्याच्या जागेत, शिरण्याची वाट पाठ करावी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि कोणालाही ओलांडायचे नाही; निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे; पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा; काळा म्हणजे पिटमध्ये या; लाल म्हणजे सत्र थांबले, सावकाश परत या. ओलांडण्याचे नियम सकाळच्या सूचनांमध्ये सांगतात, आणि त्या वेळी चहाला गेलेला माणूस दिवसभर इतरांना त्रास देतो.

वीस मिनिटांच्या सत्रात रोजची गाडी सात-आठ फेऱ्या, म्हणजे साधारण ३० किलोमीटर धावते. पहिल्याच वेळी सलग इतके चालवू नये. तीन-चार जोराच्या फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक जवळजवळ न लावता थंडपणे घ्यावी आणि आत यावे. ड्युअल क्लच (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स असेल तर तो मॅन्युअल मोडवर ठेवावा आणि पिटमध्ये क्लच तापेल अशा पद्धतीने इंचाइंचाने सरकू नये. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेली डिस्क किंवा ड्रम त्याच जागी धरून राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. गरम चाकांवर पाणी मारू नये.

हवा

टायरच्या हवेबाबत चूक केली तर ट्रॅकवर नव्हे, परतीच्या महामार्गावर भोवते. थंड टायरमध्ये कंपनीने सांगितल्याप्रमाणे ३२-३३ पीएसआय हवा असेल, तर सत्रानंतर ती ३८-४० पर्यंत चढलेली दिसू शकते, आणि पकड कमी वाटू लागते. तेव्हा थोडी हवा काढतात. किती काढायची हे पाहण्यासाठी टायरच्या कडेवर, जिथे लहान त्रिकोणाची खूण असते तिथे, खडूची आडवी रेघ ओढावी. फेरीनंतर खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा ठीक आहे. त्रिकोणाच्याही खाली पुसला असेल तर हवा कमी आहे आणि टायर बाजूवर लोळतो आहे. नक्षीच्या कडेवरच खडू शिल्लक असेल तर जास्त आहे. मात्र गरम टायरमधून काढलेली ही हवा रात्री टायर थंड झाल्यावर आणखी कमी दिसते. त्याच कमी हवेवर सामान भरून ८०० किलोमीटर निघणे म्हणजे टायर फुटण्याची सोय करणे होय. म्हणून स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा पंप सोबत असावा, आणि निघायच्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही टायर आणि स्टेपनी कंपनीच्या आकड्यावर आणाव्यात.

परत

त्याच संध्याकाळी निघू नये. दिवसभर उन्हात एकाग्र राहिलेल्या मेंदूला थकवा कळत नाही, आणि ट्रॅकवरून उतरल्यावर ताशी १०० हा वेग ५० सारखा भासतो. श्रीपेरंबुदूरला मुक्काम करावा. सकाळी हवा, चाकांचा टॉर्क, ऑइलची पातळी, पॅडची जाडी आणि टायरच्या कडा पाहाव्यात. टायरला चिकटलेले रबराचे गोळे राहिले असतील तर पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरते, ते खरवडून काढावेत. धारवाडच्या अलीकडे अंधार पडेल असे वाटले तर तिथेच थांबलेले बरे, कारण गळिताच्या हंगामात कित्तूरपासून पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना रस्त्यावर असतात.

घरी आल्यावर आठवडाभरात चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी. पेडल जराही लांब गेल्यासारखे वाटत असेल, तर ब्रेक ऑइल नवे असले तरी पुन्हा बदलावे, कारण एकदा उकळलेल्या ऑइलवर भरवसा ठेवता येत नाही. आणि गाडी ट्रॅकवर गेली होती हे आपल्या मिस्त्रीला सांगून टाकावे. निळसर पडलेल्या डिस्क पाहून त्याने निष्कारण कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) उघडत बसू नये.