तीन चाकांवर ऊडनाडाटा: साइडकार घेऊन आउटबॅकला निघणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये आमच्या ओळखीत कुणी मोटारसायकलवाला मराठी माणूस नवीन आला की कधी ना कधी विषय निघतोच: साइडकार जोडून आउटबॅकला, म्हणजे देशाच्या आतल्या ओसाड भागात, जायचंय, कुठून सुरुवात करू? पहिला प्रश्न नेहमी इंजिनाचा असतो. किती सीसीचं घ्यावं, कुठल्या कंपनीचं, वाटेत बंद पडलं तर काय? नीट ठेवलेलं इंजिन सहसा दगा देत नाही. रस्त्यात हातात येतात ते ब्रॅकेट, क्लॅम्प, नट, केबल, स्पोक. म्हणजे ज्यांच्याकडे आपण शोरूममध्ये कधी बघितलेलंसुद्धा नसतं अशा वस्तू. त्यामुळे या प्रवासाची तयारी करताना इंजिनाचं पुस्तक नंतर उघडा, आधी साइडकार जिथे मोटारसायकलला जोडलेली असते त्या जोडांकडे बघायला शिका.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली बीएमडब्ल्यू आर १०० आहे, डाव्या बाजूला साइडकार. ती निवडायचं कारण साधं आहे. चेनच्या जागी शाफ्ट आहे, त्यामुळे लाल धुळीत चेन खरवडत बसावं लागत नाही. दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे प्लग काढायला किंवा टॅपेट सेट करायला टाकी उतरवावी लागत नाही. रस्त्याकडेला मांडी घालून बसलं की काम होतं. बरेच जण उरल घेतात, साइडकारसकट येणारी मूळची रशियन मोटारसायकल, तीही चांगली. तिची चाकं एकमेकांच्या जागी बसतात, त्यामुळे एक स्टेपनी तिन्ही ठिकाणी चालते. माझ्या गाडीत ती सोय नाही आणि मला त्याचा हेवा वाटतो.

सांगलीला आमच्या गल्लीत बजाज स्कूटरला साइडकार लावलेली असायची, अख्खं कुटुंब त्यात मावायचं. ते बघून मोठं झालेल्यांना वाटतं, यात काय विशेष? विशेष हे की साइडकार जोडली की ती मोटारसायकल राहत नाही. ती कलत नाही. वळायचं तर हँडल खरंच वळवावं लागतं, तेही खांद्याच्या जोराने. ॲक्सिलरेटर दिला की गाडी डावीकडे ओढते, कारण इंजिनाचा जोर एका बाजूला आणि साइडकारचं ओझं दुसऱ्या बाजूला. ब्रेक मारला की उलटं: मोटारसायकल थांबू लागते, साइडकार पुढे जाऊ पाहते, आणि सगळं प्रकरण उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे वळतं. साइडकारच्या चाकालाही ब्रेक असेल तर हे बरंच कमी होतं. डाव्या वळणावर साइडकारचं चाक उचलतं. ते उचललं की नवशिक्या घाबरून हँडल आणखी वळवतो किंवा कचकन ब्रेक दाबतो. करायचं एवढंच की हँडल थोडं सरळ करायचं, चाक आपोआप खाली येतं. रविवारी सकाळी रिकामं पार्किंग गाठा, साइडकारमध्ये चाळीसेक किलोची वाळूची पोती टाका आणि आठाचे आकडे काढा. शेवटी पोती काढून डावी वळणं मारा आणि मुद्दाम चाक उचलून बघा. हे अंगवळणी पडेपर्यंत गावाबाहेर पडू नका. दुचाकी वर्षानुवर्षं चालवलेल्या लोकांना हे शिकायला जास्त वेळ लागतो, कारण त्यांना आधी जुनं विसरावं लागतं.

दुसरा अभ्यास अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या दिशा एकमेकांशी जुळवण्याचा. हे काम वर्कशॉपवर सोडणारे बरेच असतात. मी म्हणेन स्वतः करा. सपाट फरशीवर दोन सरळ ॲल्युमिनियमचे पाइप घ्या, एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लावून ठेवा, दुसरा साइडकारच्या चाकाला. दोन पाइपांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण १५ ते २० मिलिमीटर कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित मोटारसायकलकडे बघतं. शिवाय मोटारसायकल स्वतः साइडकारपासून उलट्या दिशेला एखाद-दुसरा अंश कललेली हवी. हे जमलं की सरळ रस्त्यावर हँडल हलकं लागतं. वाटेत कुठला क्लॅम्प सरकला तर पहिली खबर टायर देतो. थांबलात की टायरवरून तळहात फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला टायरवरच्या रबरी गोट्यांची धार हाताला लागली तर चाक फरफटतंय समजा.

आता रस्ता. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी ऊडनाडाटा ट्रॅक सुचवतो. मारीपासून मार्लापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर, बहुतेक कच्चा, पण वाळूच्या टेकड्या नाहीत आणि मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा अशा दोन ठिकाणी पेट्रोल मिळतं. प्रत्येक टप्पा साधारण २०० किलोमीटरचा. ऐकायला कमी वाटतं, पण साइडकार लावली की पेट्रोल कितीतरी जास्त जातं, समोरून वारा असेल तर विचारू नका. एका टाकीत आपली गाडी सामानासकट, माणसासकट, वाऱ्यात किती जाते हे घरी मोजा आणि तरीही दहा लिटरचा कॅन घ्याच.

हा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या आणि १८७२ साली पुऱ्या झालेल्या तारायंत्राच्या लाइनीच्या सोबतीने जातो. रेल्वे १९८० मध्ये बंद झाली. पडकी स्टेशनं, पाण्याच्या टाक्या आणि अल्जेबकिनाचा ५७८ मीटर लांबीचा लोखंडी पूल अजून उभे आहेत. रुळांच्या जुन्या मार्गावर मात्र गाडी घालू नका, स्लीपरचे मोठाले खिळे अजून मातीत पडलेले आहेत. रेल्वेच्या आधी इथली सगळी वाहतूक उंटांवर चालायची. ते उंट आणि उंटवाले १८६० च्या दशकापासून कराचीहून जहाजाने यायचे, आणि तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. उंटवाल्यांना इकडे सरसकट 'अफगाण' म्हणत, आले होते ते बलुचिस्तान, पेशावर, सिंध, पंजाब अशा सगळ्या भागांतून. मारीला त्यांची वस्ती होती. मशिदीची मातीची प्रतिकृती बघायला दहा मिनिटं थांबा.

कच्च्या रस्त्यावर साइडकारची खरी पंचाईत वेगळीच असते. मोटारींच्या येण्याजाण्याने दोन चाकोऱ्या पडतात. मोटार त्या दोन्हीत बसते, दुचाकी एकीत बसते. साइडकारची रुंदी मोटारीपेक्षा कमी, त्यामुळे मोटारसायकल एका चाकोरीत घातली की साइडकारचं चाक मधल्या सैल खडीच्या उंचवट्यावर चढतं. दिवसभर गाडी तिरकी चालते आणि दिवसभर हँडल ओढावं लागतं. उजव्या चाकोरीत मोटारसायकल ठेवायची की डाव्या चाकोरीत, यावर जुन्या लोकांत वाद आहेत. मी उजव्या चाकोरीत मोटारसायकल ठेवतो, म्हणजे समोरचं लवकर दिसतं. पण चढ आला, धूळ दिसली, की डावीकडे पूर्ण सरकायचं, यात सूट नाही.

त्यात कॉरुगेशन. रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, थेट पन्हळी पत्र्यासारख्या, मैलोन्‌मैल. मोटारवाले सांगतात, ऐंशीने पळवा म्हणजे चाक लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाईल. मोटारीला ते जमतं. साइडकारला मी ते सांगणार नाही: तीन चाकं तीन वेगळ्या लाटांवर, आणि सगळा मार शेवटी चार जोडांवर येतो. हवा कमी करा, वेग पन्नासच्या आसपास ठेवा, दर तासाला थांबा. हवा कमी केल्यावर वेग वाढवलात तर टायर तापतो, तेव्हा दोन्ही एकत्र नको.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की चहाच्या आधी पान्हे. प्रत्येक महत्त्वाच्या नट-बोल्टवर घरीच नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा, अर्धी नटवर, अर्धी ब्रॅकेटवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. वीस मिनिटांत सगळी गाडी बघून होते, आणि गुडघ्यावर बसून बघितल्यामुळे बाकीचंही दिसतं: कुठे ऑइल पाझरतंय, कुठली वायर घासतेय, कुठे रंगाला बारीक केसासारखी रेघ गेलीय. त्या रेघेला घाबरायचं. धुळीच्या थरात भेगेच्या कडेने गंजाची लालसर रेषा दिसते, ती मातीच्या लालपेक्षा वेगळी असते.

चालत्या गाडीत साइडकारमधला माणूस हा तुमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक असतो, कारण फ्रेम त्याच्या पायाखाली असते. ऊडनाडाटाच्या अलीकडे बायकोने हेल्मेटवर टकटक करून थांबवलं.

"अरे, थांब जरा. माझ्या पायाखाली काहीतरी वाजतंय."

"दगड उडत असतील."

"दगड एका तालात वाजत नाहीत. उतर आणि बघ."

मागच्या खालच्या जोडाचा लोखंडी कान अर्ध्यापर्यंत चिरला होता. दोन टायर लिव्हर त्याच्या दोन्ही बाजूंना खपच्या म्हणून धरले, मोठ्या होज क्लॅम्पनी आवळले, वरून कुंपणाची तार पक्कडीने पिळून गुंडाळली आणि पंचवीसच्या वेगाने निघालो. पुढे रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे कच्चा रस्ता सपाट करणारं यंत्र, चालवणाऱ्यांचा तळ लागला. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "आधी रंग खरवडून काढ. रंगावर वेल्ड बसत नाही." मग दोन ट्रकच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले आणि अडीच मिलिमीटरच्या रॉडने वेल्डिंग केलं. भेग जिथे संपत होती तिथे त्याने बारीक भोक पाडून घेतलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. नुसतं वेल्ड मारलं तर शेजारून पुन्हा चिरतं, म्हणून वरून लोखंडी पट्टी जोडली. हे शिकण्यासारखं आहे, पण घरी, जाणत्या माणसाच्या हाताखाली. वेल्डिंगची खरी काच हवी, गॉगल चालत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथून लांब ठेवायची. आणि आपल्या गाडीची बॅटरी आधी सोडवायची, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात.

बाकीच्या दुरुस्त्या यापेक्षा सोप्या. क्लचची नवी केबल जुनीच्या बाजूनेच ओढून, दोन्ही टोकं बांधून ठेवा. तुटली की टोकं बदलायची, टाकी काढायला नको. ट्यूबचा पंक्चर घरी स्वतः काढून बघा, तोही उन्हात, हातपंपाने हवा भरून. तेव्हा कळतं की चांगल्या लिव्हरला पैसे का मोजायचे. स्पोक तुटला तर शेजारच्या स्पोकला टेपने बांधा आणि मुक्कामाला चाकाचा आउट काढा. एम-सील भारतातून आणलेलं माझ्या पेटीत कायम असतं. दगड लागून इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरला भेग गेली तर पेट्रोलने स्वच्छ पुसून लावा आणि रात्रभर सुकू द्या. एअर फिल्टर दर मुक्कामाला बघा. इथली बारीक धूळ, जिला बुलडस्ट म्हणतात, ती फिल्टरच्या कडेने शिरते, म्हणून बसवताना कडेला ग्रीसचं बोट फिरवा. सुटे भाग कमी न्या. मी माणसं पाहिलीत, अख्खं गॅरेज साइडकारमध्ये भरून निघतात आणि त्या वजनानेच फ्रेम तोडून घेतात.

मे ते सप्टेंबर सोडून जाऊ नका. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदवलं गेलंय, यावरून उन्हाळ्याची कल्पना यावी. जुलैत रात्री तापमान शून्याच्या जवळ जातं, थर्मल हवेच. पाऊस पडला की माती चिकटते, मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं आणि रस्ता अधिकृतपणे बंद होतो. बंद रस्त्यावर जाणं गुन्हा आहे. निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघायचीच. पाणी माणशी रोज किमान पाच लिटर, वर दोन-तीन दिवसांचा साठा. गावं सोडली की मोबाईलला रेंज नाही, म्हणून संकटात उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवणारा, नोंदणी केलेला पर्सनल लोकेटर बीकन अंगावर ठेवा, गाडीवर नको. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून चालत निघू नका. आकाशातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. संध्याकाळी सूर्य उतरायच्या आत थांबा, कांगारू आणि मोकाट गुरं त्याच वेळी रस्त्यावर येतात.

मार्लाला पोचलात की स्टुअर्ट हायवेचं डांबर लागतं आणि लोक सुटकेचा श्वास टाकून थेट निघतात. तसं करू नका. पंपावर टायरची हवा पुन्हा वाढवा, सगळे जोड एकदा आवळा, आणि कॅन भरून घ्या. दक्षिणेला कूबर पेडीपर्यंत सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहेत. या हायवेवर त्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात. समोरून आला की आधी हवेचा धक्का उजवीकडून बसतो आणि तो गेल्यावर गाडी त्याच्याकडे ओढली जाते. दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवा, ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका.