इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल उतरत असल्यास ते कसे ओळखावे

कार्ब्युरेटरची मोटारसायकल काही दिवस उभी राहिल्यावर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर किक मारण्याचा किंवा सेल्फ दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये साचलेले द्रव पेट्रोल पिस्टनला दाबता येत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचा) थेंब दोन बोटांत चोळावा; तो पातळ लागला आणि पेट्रोलचा वास आला, तर शंका उरत नाही. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक (तोटी) बंद करून त्याची कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडावी. तासाभरात थेंब साचले, तर कॉक गळतो आहे. पण कॉक बदलून थांबू नये, कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवण्याचे काम फ्लोटच्या (आतल्या तरंगत्या भागाच्या) सुईचे असते आणि झिजलेल्या सुईच्या निमुळत्या टोकावर बारीक वर्तुळाकार खाच स्पष्ट दिसते. दुरुस्तीनंतर ऑइल बदलावेच.